केळ्याच्या बातमीवर इंग्रजी शिकतेय. तुम्ही कशावर शिकताय?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज धागा काढायचं धाडस करतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाउसमध्ये हिशेब आणि कागदपत्रं सांभाळते. शाळा गावातलीच, मराठी. इंग्रजी पाचवीला सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमचं वय निघून गेलं होतं. बिलं-चलनं लिहिते, मेल वाचते, पण समोरून कोणी इंग्रजीत बोललं की जीभ टाळूला चिकटते.

दीड वर्षापूर्वी आखातातल्या एका खरेदीदाराचा फोन आला. साहेब बागेत, म्हणून मीच उचलला. तो म्हणाला, "हाऊ मेनी हँड्स इन वन बॉक्स?" मला वाटलं, मजूर किती लावता असं विचारतोय. 'इन वन बॉक्स' कानावरून गेलं. मी ठणकावून सांगितलं, "ट्वेल्व्ह जेंट्स, सिक्स लेडीज." पलीकडे शांतता. मग तो फोन बाजूला धरून हसला, ते मला ऐकू आलं.

हँड म्हणजे फणी. घड म्हणजे बंच, फणी म्हणजे हँड आणि सुटं एक केळं म्हणजे फिंगर. रोज डोळ्यांसमोरून फण्यांच्या राशी जाणाऱ्या बाईला फणीचं इंग्रजी माहीत नव्हतं! लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला. स्वतःचाच.

मग इंग्रजी पेपर लावला. पहिलं पान, अग्रलेख, एका हातात डिक्शनरी. एका अग्रलेखाला दीड तास, आणि शेवटी लेखक बाजूने आहे की विरोधात तेच कळेना. महिनाभरात तो पेपर खोक्यांच्या तळाशी घालायच्या कामाला लागला.

लेक आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. एक दिवस तिनं मोबाईलवर बातमी दाखवली: भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवलेल्या केळ्याची. तुम्ही वाचली असेल. मॉरिझिओ कॅटेलान नावाच्या इटालियन कलाकारानं २०१९ साली ही कलाकृती मांडली. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ६२ लाख डॉलरला गेली. आपले झाले सुमारे ५२ कोटी. जे केळं लावलं होतं ते त्याच दिवशी रस्त्यावरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेलं, म्हणजे तीसेक रुपयांचं. घेणारा क्रिप्टोवाला जस्टिन सन. त्यानं काही दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ते सोलून खाल्लं.

ही बातमी मी डिक्शनरी न उघडता दोनदा वाचली आणि कळली. कारण केळं मला कळतं. पील, राइप, रॉट, बंच, हे शब्द अंदाजानं सुटले. 'फेच' म्हणजे जाऊन आणणे एवढंच शाळेत शिकलेले, इथे 'द बनाना फेच्ड सिक्स पॉइंट टू मिलियन'. म्हणजे भाव मिळाला! रोज सकाळी रावेर-बऱ्हाणपूरचे भाव बघणाऱ्या माणसाला हा शब्द पुन्हा विसरणं शक्य आहे का?

तेव्हापासून रोज एक हलकी बातमी. प्राणी, विचित्र चोऱ्या, हवामान, खाणंपिणं. बातमी दोनदा वाचायची, मोबाईल उलटा ठेवायचा आणि आईला अहिराणीत सांगायची. दुसऱ्या दिवशी, मूळ बातमी न बघता, आईला जे सांगितलं ते पाच ओळींत इंग्रजीत लिहायचं. मग मूळ बातमी उघडून शेजारी ठेवायची आणि लाल पेन घ्यायचा.

अहिराणीतच का? मराठीत सांगायला गेले की मी बातमीचीच वाक्यं मराठीत ओढून आणते: 'लिलाव करण्यात आला', 'असे सांगण्यात येते'. अहिराणीत तसं बोलताच येत नाही. आईला 'लिलाव करण्यात आला' म्हणून बघा, ती विचारेल, कोन्ही कया? मग कोणी केलं, काय केलं, कितीला केलं, असं सरळ सांगावं लागतं. आणि सरळ सांगितलं की इंग्रजीही सरळ होतं.

प्रश्न दोन. तुम्ही कोणत्या बातम्या वाचता आणि त्यावर काय करता? आणि लिहिलेलं तोंडातून बाहेर कसं काढता? माझी गाडी तिथेच अडलीय.

खान्देशी भो
ट्वेल्व्ह जेंट्स सिक्स लेडीज! ताई, हसी हसी पोट दुखाले लागनं. वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहितो, उद्या टेस्ट आहे.

अप-डाऊन
भुसावळ. रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त.

आमच्या वेळी मोबाईल नव्हता, शॉर्टवेव्ह रेडिओ होता. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा 'स्पेशल इंग्लिश' कार्यक्रम १९५९पासून चालायचा, खास शिकणाऱ्यांसाठी. साधारण १५०० शब्दांच्या साठ्यात बसणाऱ्या बातम्या, आखूड वाक्यं आणि नेहमीच्या दोन तृतीयांश वेगानं वाचन. घरच्यांना वाटायचं रेडिओचे सेल उतरलेत. मी रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्यूटीनंतरच्या मुक्कामाच्या खोलीत, ऐकायचो आणि निवेदकाच्या मागोमाग पुटपुटायचो. सोबतचे म्हणायचे, काका रात्री मंत्र म्हणतात. मार्च २०२५मध्ये अमेरिकी सरकारनं व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम थांबवलं तेव्हा, खोटं सांगत नाही, घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं.

व्याकरण मात्र फलाटावर शिकलो. 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' हजार वेळा ऐकलं असेल. एकदा गाडी चार तास लेट, लोक अंगावर आलेले, आणि वरून हे वाक्य. तेव्हा लक्षात आलं, गैरसोय कोणी केली ते नाही, खेद कोणाला झाला तेही नाही. कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे कोणत्याही मास्तरनं इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं. तुमच्या आईसाहेबांनी भुसावळ फलाटावर उभं राहून 'कोन्ही कया' विचारायला हवं होतं.

इंग्रजाळलेला
मूळचा जळगावचा, सध्या पुणे, आयटी.

धागा छान, पण पद्धत पटली नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भाषांतर हाच तर आपला रोग आहे. इंग्रजी वाचायचं, अहिराणीत न्यायचं, परत इंग्रजीत आणायचं. डोक्यात किती गाड्या बदलणार? फोनवर समोरचा तेवढा वेळ थांबतो का? इंग्रजीतच विचार करा. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' लावा, कानात घाला, बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे मोठ्यानं बोलत राहा. याला शॅडोइंग म्हणतात. मला यानंच फरक पडला.

तापीकाठ
राग नाही हो. पण चोपड्याला रेल्वेच नाही, आम्हाला गाडी बदलायची सवय आहे.

'इंग्रजीत विचार करा' हे मी खूप ऐकलंय. ज्या भाषेत विचार करायला शब्दच नाहीत तिच्यात विचार कसा करतात ते कोणी सांगत नाही. रिकाम्या विहिरीत मोटर टाकून काय उपसणार? शॅडोइंग मात्र आजच करून बघते. काका जे रेडिओसमोर करत होते ते हेच ना?

अप-डाऊन
हेच. आम्हाला नाव माहीत नव्हतं, म्हणून फुकटात झालं.

सातपुडा मास्तर
धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्या मुलांची घरची भाषा पावरी, शाळेची मराठी. म्हणजे 'मातृभाषेतून इंग्रजी' म्हणतात तेव्हा आमच्याकडे मराठीसुद्धा परकीच असते. त्यामुळे ताईंचं अहिराणीचं म्हणणं मला लगेच कळलं. पोरगं पावरीत गोष्ट सांगतं तेव्हा हात हलतात, डोळे मोठे होतात. तेच मराठीत विचारलं की हात बांधून उभं. तिसऱ्या भाषेत न्यायची असेल तर हात हलणारी गोष्ट न्यावी, बांधलेल्या हातांची नेऊन उपयोग नाही.

आता अग्रलेख का जमला नाही, ते. शब्दसंपत्तीवर काम करणारे पॉल नेशन यांचा हिशेब असा, की मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. सर्वसाधारण इंग्रजी वर्तमानपत्र या हिशेबानं वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात (गो, गोज, गॉन, गोइंग मिळून एक कूळ). काकांच्या रेडिओला १५०० शब्द पुरत होते. ताईंनी एकदम घाट चढायला घेतला होता, एवढंच. तुमची हुशारी कमी नव्हती.

म्हणून माझा नियम: बातमीतले पहिले शंभर शब्द मोजा, अडलेल्या शब्दांवर टिंब द्या. दोन-तीन टिंबं असतील तर वाचा. पाच-सहा झाली तर कोणाबरोबर तरी वाचा. दहाच्या वर गेली की सोडून द्या आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. शिकणाऱ्यांसाठी एकच बातमी दोन-तीन पातळ्यांवर लिहून देणाऱ्या साइट आहेत, तिथे खालच्या पातळीपासून सुरुवात करायला लाजू नये. मोठी माणसं तिथेच लाजतात. पोरं नाही लाजत.

वर्गात माझी सगळ्यात चाललेली बातमी म्हणजे लॅरी मांजर. लंडनला पंतप्रधानांच्या घरात, १० डाउनिंग स्ट्रीटला, फेब्रुवारी २०११पासून राहतो. भटक्या प्राण्यांच्या आश्रयघरातून आणलेला बोका. हुद्दा 'चीफ माऊसर'. पंतप्रधान आले नि गेले, २०२४पर्यंत सहा झाले, बोका तिथेच. 'माऊसर' शब्द मी समजावलाच नाही. एक मुलगी म्हणाली, टीच म्हणून टीचर, तसं माऊस म्हणून माऊसर. ज्यांच्या घरी धान्याच्या कणगीला उंदीर लागतात त्यांना मांजराचा हुद्दा समजावावा लागत नाही.

त्यावरचा व्यायाम. बातमी आठ ओळींत उतरवून घ्यायची. पहिली ओळ तशीच ठेवायची, पुढे प्रत्येक सातवा शब्द खोडायचा. कोणताही असो, निवडायचा नाही. मग दोन दिवसांनी गाळलेल्या जागा भरायच्या. ही क्लोझ नावाची जुनी चाचणी, विल्सन टेलर यांनी १९५३मध्ये मांडलेली. गाईडमधल्या गाळलेल्या जागांत नेहमी अवघड शब्द खोडलेला असतो. इथे बहुतेक वेळा 'द', 'ऑफ', 'हॅज', 'इट' असली चिल्लर खोडली जाते, आणि आपण पडतो ते नेमके चिल्लरवर. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, त्यामुळे आपल्या कानाला ते ऐकूच येत नाहीत. लॅरीच्या गोष्टीत पोरांना एवढंच सांगितलं: पाहुणा पहिल्यांदा दारात आला की 'अ कॅट'. ओळख झाली, घरात बसला, की 'द कॅट'. सगळा नियम यात मावत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण अर्धा मावतो.

खान्देशी भो
टेस्ट झाली. इंग्रजीतच मार खाल्ला, त्यामुळे धागा वर काढतो.

धुळ्यात अभ्यासिकेत बसतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो, २५ टक्के काढले की पात्र. ते गुण यादीत धरत नाहीत, पण तिथे पडलात तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत. अभ्यासिकेतले सगळे म्हणतात अग्रलेख वाच. तुम्ही मांजर वाचायला सांगताय. मांजर वाचून गुण मिळतील का?

आणि मला तर हेडिंगच कळत नाही. खालची बातमी कळते, वरचं हेडिंग नाही. हे माझंच होतं का?

पांझराकाठची
तुझं एकट्याचं नाही रे. मी एका मराठी दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या तारा मराठीत करायच्या, रात्री दोनपर्यंत. त्यामुळे हेडिंग हा माझा जुना वैरी.

इंग्रजी मथळ्याची बोली वेगळीच असते. 'अ', 'द', 'इज' सगळं गळतं, कारण जागा कमी. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात येते: 'लेपर्ड एंटर्स स्कूल'. बिबट्या कालच येऊन गेला, आता तिथे नाही. 'टू' दिसला की पुढे होणार आहे: 'मिनिस्टर टू व्हिजिट धुळे'. आणि 'हेल्ड', 'सीझ्ड' असं एकटंच क्रियापद आलं की बहुतेकदा तो कर्मणी आहे, मधला 'वॉज' गिळलाय. 'टू हेल्ड फॉर थेफ्ट' (इथला 'टू' म्हणजे दोन) म्हणजे दोघांनी धरलं नाही, दोघांना धरलं! इथे निम्मे लोक पडतात.

मग बुटके शब्द. मंजुरी 'नॉड', चौकशी 'प्रोब', प्रयत्न 'बिड', वाद 'रौ'. हा शेवटचा तर महाठक. ओळ असेल तर 'रो', भांडण असेल तर 'रौ', स्पेलिंग एकच. उन्हाळ्यात एकदा पाण्यावरून दोन गावांच्या भांडणाची तार होती. आमच्या एका नव्या मुलानं मथळा केला 'पाण्यासाठी रांग'. तसाच छापून आला. दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाचा फोन नाही. रांगा होत्याच म्हणा तेव्हा.

तेव्हा भो, मथळा शेवटी वाच. आधी पहिला परिच्छेद. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं तिथेच कोंबलेलं असतं, खाली खाली ते पातळ होत जातं. परिच्छेद कळला की वर जा आणि गळलेले शब्द भरून मथळ्याचं पूर्ण वाक्य कर. रोज पाच मथळे, दहा मिनिटं.

आणि मांजर वाचून गुण मिळतात. त्या पेपरात निबंध, सारांश, उताऱ्यावरचे प्रश्न, व्याकरण असतं ना? आठ ओळींची मांजराची बातमी तीन ओळींत आण. ज्याला मांजराचा सारांश येत नाही त्याला जागतिक अर्थव्यवस्थेचा काय कप्पाळ येणार!

ता. क. तापीकाठ, तुमच्या पद्धतीला थोर पूर्वज आहे. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहिलंय: आवडलेल्या निबंधातल्या वाक्यांचे आशय थोडक्यात टिपून ठेवायचा, काही दिवसांनी मूळ न बघता निबंध पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका काढायचा. पुढे तर तो गोष्टी पद्यात करायचा आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या पद्याचं परत गद्य. म्हणजे मध्ये एक वळण मुद्दाम घ्यायचा, मूळ वाक्यं डोक्यातून पुसली जावीत म्हणून. त्याचं वळण पद्य, तुमचं अहिराणी.

तापीकाठ
हे मला माहीतच नव्हतं! आईला सांगितलं. तिनं विचारलं, त्यानी माय काय बोले?

इंग्रजाळलेला
फ्रँकलिनची मातृभाषा इंग्रजीच होती, एवढं नमूद करतो.

बाकी भाषांतरानं काय होतं त्याचे नमुने रोज ऐकतो. 'आय अ‍ॅम अग्री.' कारण 'मी सहमत आहे', आणि 'आहे' म्हणजे 'अ‍ॅम'. 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', कारण पाच वर्षांपासून. 'ही गॉट अँग्री ऑन मी', कारण माझ्यावर. 'वुई डिस्कस्ड अबाउट इट', कारण त्याबद्दल. इंग्रजी वरून खरवडलं की खाली मराठीच!

सातपुडा मास्तर
नमुने अस्सल आहेत, निदान उलटं आहे. ही वाक्यं भाषांतर करणाऱ्यांची नाहीत, आपण भाषांतर करतोय हे ज्यांना कळत नाही त्यांची आहेत. मनातल्या मनात झालेलं भाषांतर तपासणार कोण? ताई कागदावर करतात, मूळ शेजारी ठेवतात. 'सिन्स फाइव्ह इयर्स' कागदावर आलं आणि शेजारी बातमीत 'फॉर फाइव्ह इयर्स' दिसलं की तिथेच पकडलं जातं. 'पासून' म्हटलं की हात आपोआप 'सिन्स'कडे जातो. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर सिन्स, किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर. मराठीत दोन्हीला 'पासून' चालतं. हा फरक मराठी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

शॅडोइंगला माझा विरोध नाही. जीभ त्यानंच वळते. पण दुसऱ्याचं वाक्य बोलून स्वतःचं वाक्य करायला येत नाही.

इंग्रजाळलेला
बरं, अर्धं मान्य. 'आय अ‍ॅम अग्री.'

खान्देशी भो
+१. मी एआयला बातमी देतो आणि सांगतो सोपी करून दे. मिनिटभरात होतं. माझं लिहिलेलंही दुरुस्त करून देतो. एवढी लाल पेनची यातायात कशाला?

तापीकाठ
सोपी करून घ्यायला छान आहे, मीही घेते. दुरुस्तीला मात्र नको वाटतं. माझ्या पाच ओळी दिल्या की तो अशा गुळगुळीत करून देतो की माझी चूक कुठे होती तेच दिसत नाही. मोडलेला घड कोणी परस्पर बदलून दिला तर कुठे मोडला होता ते कसं कळणार? हल्ली मी सांगते, दुरुस्त करू नको, फक्त कोणत्या ओळीत चूक आहे तेवढं सांग. मग मी शोधते. कधी सापडते, कधी नाही.

अप-डाऊन
एक राहिलं. रोज नवी बातमी घेऊ नका. एकच बातमी धरून आठवडाभर तिच्या मागे जा. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात ते 'एव्हर गिव्हन' जहाज आडवं बसलं, आठवतंय? ४०० मीटर लांब, २३ तारखेला अडकलं, २९ला सुटलं. मी रोज त्याची बातमी वाचली. पहिल्या दिवशी 'स्टक', 'टग', 'ड्रेज', 'रिफ्लोट' सगळं डिक्शनरीत बघितलं. तिसऱ्या दिवशी एकही बघावं लागलं नाही, कारण तेच शब्द रोज परत येत होते. जहाज हललं तेव्हा माझे शब्द पक्के झाले होते. अजून एक दिवस अडकलं असतं तर चाललं असतं.

आणि बोलायचं म्हणाल तर, ताई, मला फोन करा. खरंच. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं. तुम्ही बातमी सांगा, मी मध्येमध्ये मूर्खासारखे प्रश्न विचारतो. गार्डच्या डब्यात एकट्यानं आयुष्य काढलंय, गप्पांची भूक आहे. नंबर व्यक्तिगत निरोपात देतो. भोलाही घ्या.

खान्देशी भो
मी तयार. पण काका, माझी बातमी मांजराचीच असेल.

तापीकाठ
दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

काका, भो आणि मी मंगळवारी-शुक्रवारी फोनवर बोलतो. पहिल्या दिवशी मी चाळीस सेकंद बोलले, त्यातली पंधरा 'अं' होती. काका खरोखर मूर्खासारखे प्रश्न विचारतात. लॅरीची बातमी सांगताना म्हणाले, "डज ही गेट पेन्शन?" त्याचं उत्तर बातमीत नसतं, म्हणून ते स्वतःच्या वाक्यात द्यावं लागतं. आठवीतली लेक शेजारी बसून माझे 'द' मोजते. गेल्या शुक्रवारी मी नऊ खाल्ले. त्याआधी चौदा होते.

केळ्याची बातमी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती ऐकल्यावर आई पहिल्यांदा म्हणाली होती, "येडा व्हई ग्यात का त्या?" मग जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग बाकीनी फनी कोठे गयी?" एक केळं तोडलं म्हणजे फणी उरली असणार, ती कोणी नेली? आयुष्यभर केळी तोडलेल्या बाईचा प्रश्न. बातमीदाराला सुचला नाही.

या मंगळवारी काकांना बातमी सांगून झाल्यावर मीच उलट विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टू द रेस्ट ऑफ द हँड?"

काका म्हणाले, "विच हँड? राइट ऑर लेफ्ट?"

अप-डाऊन
मला खरंच कळलं नव्हतं हो. आम्ही केळी डझनावर आणतो.